निखारे फुलण्यापूर्वी

मालदीवच्या किनाऱ्यावरील ती संध्याकाळ. केवळ आमच्या कुटुंबासाठी नेमलेला बल्लवाचार्य निखारे फुलवीत होता. ताटात गळाने पकडलेला ताजा ट्यूना, शेजारी कोळंबी आणि शेवंड. इंदूरच्या सराफ्यात वाढलेल्या आमच्या जिभा आतुर झाल्या होत्या.

तोच त्याने विचारले, "कोणाला कशाची ॲलर्जी?" मी सवयीने "नाही" म्हणालो. धाकटी बहीण मात्र थबकली. "दादा, विसरलास? मागच्या वर्षी कोळंबी खाऊन याच्या अंगावर पित्त उठले होते, ओठ सुजले होते." तीस वर्षे परक्या मुलांचा पूर्वेतिहास विचारणारा मी, सख्ख्या भाच्याचा विसरलो होतो!

कोळंबी-शेवंडीतील ट्रोपोमायोसिन हे प्रथिन विस्तवावरही टिकते. चिमटा वा जाळी एकच असेल, तर ते माशालाही लागते. माशातील मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन निराळे. भाच्याला मासा नेहमी सोसत आला होता. बल्लवाचार्याने हात धुतले, वेगळी शेगडी पेटवली, सुरी-चिमटा बदलला आणि त्याचा ट्यूना स्वतंत्र भाजला.

माझ्या पेटीत ॲड्रिनॅलिन होते. मात्रा तोंडपाठ होती: किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरील स्नायूत. परंतु पुढे रुग्णालय गाठायचे, तर मध्ये समुद्र होता. सुदैवाने पेटी उघडावी लागली नाही. भाच्याने दुसऱ्यांदा मासा मागून घेतला आणि मग मलाही शेवंडीची खरी गोडी कळली.

परतल्यावर मी प्रथम घरातील सर्वांचे केसपेपर तयार केले. मित्रहो, आपणही करावेत.