हायड्रा चालवा, पण आपल्याच मशीनवर

'वर्धा१२३' पासवर्ड ठेवून निवांत झोपणारे आपल्या होस्टेलात कमी नाहीत. उबुंटूवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल हायड्रा' टाईप केलं की हायड्रा येतं. लहान एलपुढे युजरनेम, कॅपिटल पीपुढे पासवर्डच्या यादीची फाईल, शेवटी आपल्याच मशीनचा एसएसएच पत्ता. मग ते यादीतला एकेक पासवर्ड लावून बघतं. २००९ मध्ये रॉकयू कंपनीचे सुमारे ३.२ कोटी पासवर्ड फुटले, त्यात '१२३४५६' सर्वात वर! मी मात्र सेवाग्राम, पवनार, आर्वी अशी गावठी यादी केली. रूममेटच्या मशीनवर न विचारता हा उद्योग नको; आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माझ्या मशीनवर आता फेल-टू-बॅन आहे: ५ चुका झाल्या की १० मिनिटं दार बंद.