अहिल्या : एका नावाची गोष्ट



गेल्या महिन्यात आठवीतील एका मुलीचे वडील अर्ज घेऊन आमच्याकडे आले. मुलीचे 'अहिल्या' हे नाव बदलून एखादे नव्या वळणाचे ठेवायचे होते. कारण विचारले, तर वर्गातील मुले तिला "पत्थर" म्हणून चिडवतात! मंडळाच्या दप्तरी नाव गेले की बदलणे कठीण, म्हणून घाई. आम्ही आठ दिवस मागून घेतले.

मूळ संस्कृत शब्द 'अहल्या'. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिथेही दोन्ही रूपे वाचलेली. रामायणाच्या उत्तरकांडात अर्थ दिला आहे : 'हल्य' म्हणजे कुरूपता, ती जिच्यात नाही ती अहल्या. 'हल' म्हणजे नांगर, त्यावरून न नांगरलेली भूमी असाही अर्थ लावतात. मराठीत 'अहिल्या' रूढ झाले.

आता पत्थराचे. वाल्मीकींच्या बालकांडात अहल्या शिळा होतच नाही. ती कोणाला न दिसता, वायुभक्षण करून, भस्मात पडून तप करते. आणि राम-लक्ष्मण येताच तिचे पाय धरतात. शिळेची कथा नंतरची. म्हणजे चिडवणाऱ्यांचा आधारच कच्चा!

आपल्या इंदूरकरांसाठी तर हे नाव चौंडीच्या लेकीचे. 1725 साली जन्म, 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, पुढे सासरे मल्हारराव व पुत्र मालेराव गेले; तरी 1767 ते 1795 महेश्वराहून राज्य चालवले. पुढे मुंबईच्या अहिल्या रांगणेकर याच नावाने 1977 मध्ये लोकसभेत गेल्या.

आमच्या जुन्या दाखल-रजिस्टरांत हे नाव वरचेवर भेटते. अलीकडे क्वचितच. गंमत अशी की नाव घरांतून कमी होत गेले आणि पाट्यांवर वाढत गेले : 1988 मध्ये इंदूर विद्यापीठाला, मग विमानतळाला, 2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्याला. आदर वाढला, पण पाळण्यात आईवडील छोटी, नवी नावे ठेवू लागले. शापाच्या कथेची धास्तीही असावी.

हे सर्व आम्ही त्या वर्गात सांगितले. चिडवणे थांबले. मुलीने अर्ज स्वतःच परत मागितला. आणि ती नसती मागती, तरी आम्ही सही केली असती. नाव शेवटी तिचेच आहे.

पालकांना एकच विनंती : मुलांना त्यांच्या नावाचा अर्थ घरी अवश्य सांगा.