डबा म्हणा, आम्हाला चालतो!

गाडी घ्यायची म्हटलं की घरात दोन तट पडतात. एक, गाडी दारात उभी राहिल्यावर कशी दिसेल हे बघणाऱ्यांचा. दुसरा, आत बसल्यावर गुडघे कुठे जातील हे बघणाऱ्यांचा. आमच्या मानकोलीत हे तट जरा जास्तच ठळक आहेत. हायवेला लागून शेतं होती, तिथं गोदामं उभी राहिली, हातात पैसा आला आणि गावात उंच, रुंद, पांढऱ्याशुभ्र गाड्या आल्या. हळदीच्या मंडपाबाहेर त्यांची रांग लागते. त्या रांगेत एखादी वॅगन-आर दिसली की कुणीतरी भाचा विचारतोच, "मामी, हा डबा कुणाचा?"

खरं सांगू का मैत्रिणींनो, मला हा डबा आवडतो. का आवडतो ते सांगते, आणि कुठे खटकतो तेही.

आधी तो चौकोनी का झाला ते बघू. जपानमध्ये 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा एक वर्ग आहे. गाडी 3.4 मीटरपेक्षा लांब नको, 1.48 मीटरपेक्षा रुंद नको, इंजिन 660 सीसीच्या आत हवं. एवढं पाळलं की कर कमी. अशा गाडीला पिवळी नंबरप्लेट मिळते. आता लांबी-रुंदी सरकारनं बांधून दिली, पण उंचीला दोन मीटरपर्यंत मोकळीक. मग काय करणार? आपण छोट्या स्वयंपाकघरात जे करतो तेच! जमीन पुरेना की पोटमाळा काढतो, फळ्या वरवर नेतो. गाडीवाल्यांनी टप उंच केलं, चाकं पार कोपऱ्यांत ढकलली, भिंती सरळ उभ्या केल्या. माणूस पाय पसरून न बसता खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसला की कमी लांबीतही चौघं मावतात. सुझुकीनं 1993 साली जपानमध्ये वॅगन-आर आणली ती या हिशेबानं. गंमत म्हणजे त्या पहिल्या गाडीला एका बाजूला दोन दारं आणि दुसऱ्या बाजूला एकच दार होतं. आजही तिथं सर्वांत जास्त खपणाऱ्या गाड्यांत होंडाची 'एन-बॉक्स' आहे. नावातच खोका, आणि कुणाला त्याची लाज नाही.

आपल्याकडे वॅगन-आर 1999 च्या अखेरीस आली, जरा मोठं इंजिन घेऊन. तिच्या वर्षभर आधी कोरियाची सँट्रो आली होती, तीही अशीच उभट. त्या काळात लोकांना झेनसारखी गुळगुळीत, बुटकी गाडी देखणी वाटायची. या दोघींना बघून लोक हसले. आणि मग हसत हसत विकतही घेतल्या. 2021-22 पासून सलग चार आर्थिक वर्षं देशात सर्वांत जास्त खपलेली कार ही वॅगन-आरच होती. म्हणजे नावं ठेवणारे पुष्कळ आणि घेणारे त्याहून पुष्कळ.

पण डब्याला मान द्यायला आपण तयार नसतो, हेही तितकंच खरं. मारुतीनं 2001 साली 'व्हर्सा' आणली. जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक, बाप-लेक दोघंही! तरी गाडी चालली नाही. एवढे पैसे मोजून व्हॅनच घ्यायची का, असं लोकांना वाटलं असणार. पुढे 2010 मध्ये तीच गाडी साधी करून, स्वस्त करून 'ईको' म्हणून आणली आणि ती धडाक्यात खपली. आपल्याला खोका चालतो, पण खोक्याच्या भावात!

या सगळ्याची थोरली बहीण म्हणजे मारुती व्हॅन, आपली ओम्नी. 1984 ते 2019, पस्तीस वर्षं. हिंदी सिनेमात ती फक्त माणसं पळवायला यायची, पण आपल्या गावात तिनं मुलं शाळेत पोचवली आणि बाळंतिणी दवाखान्यात. दार सरकतं असल्यामुळे अरुंद गल्लीत उघडताना भिंतीला लागत नसे, आणि कडेवर मूल असलं तरी नऊवारीतली बाई एका पावलात आत. इंजिन मात्र पुढच्या सीटखाली, त्यामुळे मे महिन्यात खालून शेगडी पेटल्यासारखं व्हायचं.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझी थोरली जाऊ गोदामांतल्या कामगारांना जेवणाचे डबे पुरवते. रोज साठ डबे. इतकी वर्षं रिक्षा ठरवलेली होती. गेल्या वर्षी तिनं स्वतःच्या पैशानं गाडी घ्यायची ठरवली आणि वॅगन-आर म्हणाली. भाऊजी म्हणाले, "कर्ज काढू, पण जरा भारदस्त घेऊ. लोक काय म्हणतील?" जाऊबाई म्हणाल्या, "लोकांना रोज अकरा वाजता डबे मी देते. हप्ता कोण देणार?"

शोरूममध्ये ती सासूबाईंना घेऊन गेली. हे मला फार पटलं. सासूबाईंचे गुडघे गेलेत. देखण्या, बुटक्या गाडीत बसायचं म्हणजे आधी मान वाकवायची, मग धप्पकन खाली पडायचं, आणि उतरताना दोघांनी ओढायचं. वॅगन-आर उंचीला 1675 मिलिमीटर आहे, स्विफ्टपेक्षा साधारण अर्धा फूट जास्त. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला आली. त्या बसल्या नाहीत, नुसत्या टेकल्या आणि आत सरकल्या. डोकं वर लागलं नाही, अंबाडा विस्कटला नाही. भाऊजी निम्मे तिथंच हरले.

उरलेलं निम्मं पुतण्यानं लढवलं. आम्ही त्याला 'फॅशनवाला' म्हणून गप्प करत होतो, पण त्याचा प्रश्न खरा होता. "आई, मानकोली नाक्यावर तुझ्या मागे चाळीस फुटी कंटेनर असतो. त्यानं ठोकलं तर?"

याला उडवून लावता येत नाही. 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत वॅगन-आरला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एक तारा मिळाला आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. गाडीचा सांगाडाही पक्का नसल्याचा शेरा होता. 2025 मध्ये कंपनीनं सगळ्या वॅगन-आरमध्ये सहा एअरबॅग दिल्या, हे चांगलंच झालं. पण एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा भक्कम होत नाही. शिवाय उंच आणि हलकी गाडी वाऱ्याला लागते. खाडीपुलावर शेजारून ट्रक सुसाट गेला की स्टेअरिंग धरलेल्या हाताला ते कळतं. नाशिकला जायचं असेल तर मी स्वतः या गाडीनं ऐंशीच्या वर जाणार नाही. रोज लांबचा हायवे तुडवायचा असेल, लहान मुलं मागे असतील, तर थोडे पैसे घालून जास्त ताऱ्यांची गाडी बघा, असंच मी सांगेन.

जाऊबाईंचा रस्ता मात्र निराळा. घर ते गोदाम, गोदाम ते अंजूरफाटा, बाजारहाट, कधी पूल ओलांडून डोंबिवलीला माहेरी. बहुतेक वेळ गाडी तासाला वीसच्या वेगानं ट्रॅफिकमध्ये. तिथं उंच बसून पुढचं दिसणं, छोट्या जागेत गाडी वळणं आणि मागची सीट पाडली की साठ डबे उभेच्या उभे राहणं जास्त मोलाचं. सांडलेली आमटी धुणाऱ्या बाईलाच हे कळेल.

भिवंडीकरांनी तर या डब्याला हसूच नये. सुझुकी कंपनी मुळात गाड्यांची नव्हे, मागांची! मिचिओ सुझुकी यांनी 1909 मध्ये जपानच्या हामामात्सू गावात माग बनवायचा कारखाना काढला. पहिला माग त्यांनी आईचे कष्ट कमी व्हावेत म्हणून केला असं सांगतात. मोटारगाडी आली ती 1955 साली. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बरोबर. बाईचं दुखणं त्याला ठाऊक असणार."

गाडी दसऱ्याला घरी आली. एका गोष्टीवर पुतण्या आणि मी एकत्र आहोत. मागे बसणाऱ्यानंही पट्टा लावायचा. 2022 च्या सप्टेंबरमध्ये चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागेच बसले होते, पट्टा लावलेला नव्हता, आणि गाडी मर्सिडीज होती. सासूबाईंना हे तीनदा सांगून झालं. त्या म्हणतात, पट्ट्यानं लुगडं चुरगळतं. रोज गाडी निघायच्या आधी त्यावरून पाच मिनिटं वाद होतो, आणि पट्टा लागेपर्यंत जाऊबाई किल्ली फिरवत नाहीत.