लुटारू माश्या : छायाचित्रण व ओळख

द्विपंखी कीटकांच्या गणातील ॲसिलिडी कुलात मोडणाऱ्या शिकारी माश्यांना लुटारू माश्या म्हणतात. या कुलातील सु. ७,५०० जातींची वर्णने झाली असून अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत त्या आढळतात. काही जाती जेमतेम ३ मिमी., तर काही ५ सेंमी.हून अधिक लांब असतात. उन्हाच्या, उघड्या जागी काटकीवर, दगडावर किंवा जमिनीवर बसून माशी टेहळणी करते. उडत्या कीटकावर झेप घेऊन त्याला काटेरी पायांच्या कवेत पकडते आणि बैठकीवर परत येते. आखूड, बळकट शुंडेने ती भक्ष्याच्या शरीरात लाळ सोडते. लाळेतील विषाने भक्ष्य लुळे पडते, एंझाइमांमुळे त्याची ऊतके विरघळतात व तो द्रव माशी शोषून घेते. मधमाश्या, टोळ, चतुर, इतकेच काय पण दुसऱ्या लुटारू माश्याही तिला भक्ष्य म्हणून चालतात.

कुल ओळखणे फारसे अवघड नाही. दोन मोठ्या संयुक्त नेत्रांच्या मध्ये डोक्याच्या माथ्यावर स्पष्ट खळगा असतो व त्यातील उंचवट्यावर तीन साधे डोळे असतात. चेहऱ्यावर राठ केसांचा मिशीसारखा झुबका असतो. धडपडणाऱ्या भक्ष्यापासून त्याने चेहऱ्याचे रक्षण होते, असे मानतात. थेरेव्हिडी कुलातील माश्या वरवर अशाच दिसतात, पण त्यांच्या माथ्यावर असा खळगा नसतो. फसगत होते ती सोंगे घेणाऱ्या जातींमुळे. लॅफ्रिया प्रजातीतील अनेक माश्या केसाळ भ्रमरमाश्यांसारख्या, तर हायपरेकिया प्रजातीतील माश्या लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्यांसारख्या दिसतात. अशा वेळी पंख मोजावेत : भुंग्याला चार, माशीला दोन.

जाती ठरविणे मात्र निराळे काम आहे. त्यासाठी पंखांवरील शिरांची रचना, शृंगिकेच्या टोकाचा आकार (ओमॅटियस प्रजातीत तो फणीसारखा केसाळ असतो), पायांवरील काटे आणि विशेषतः नराच्या उदराच्या टोकाची जननेंद्रिये पाहावी लागतात. भारतातील जातींसाठी ए. एन. टी. जोसेफ व पी. परुई यांचा ग्रंथ भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. अशा ग्रंथांतील कळा टाचणीवर लावलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली आहे, असे गृहीत धरून रचलेल्या असतात. म्हणून एकाच सुंदर छायाचित्रावरून जातीचे नाव सांगणे बहुधा धाडसाचे ठरते. ‘ओमॅटियस प्रजातीतील एक जाती’ एवढेच लिहिणे अधिक प्रामाणिक होय.

छायाचित्रकाराच्या पथ्यावर पडणारी गोष्ट म्हणजे माशीची बैठक. ती उडाली तरी पाठलाग करू नये, त्याच जागी थांबावे. बहुधा ती तेथेच किंवा जवळपास परतते. भक्ष्य खात असलेली माशी तुलनेने स्थिर असते. आपली सावली तिच्यावर पडू न देता खाली वाकून सावकाश जवळ जावे. साधारण १०० मिमी. केंद्रांतराचे मॅक्रो भिंग सोयीचे, कारण त्यामुळे अंतर राखता येते. इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा थर काही मिलिमीटरच खोल असतो. त्यामुळे पंखाच्या शिरा टिपताना कॅमेरा पंखाच्या पृष्ठभागाशी समांतर धरावा लागतो. बाजूचे, वरचे, चेहऱ्याचे व उदराच्या टोकाचे अशी निदान चार छायाचित्रे घेतली, तरच तज्ज्ञाला काही सांगता येते. दिनांक, ठिकाण व अधिवास यांची नोंद नसेल, तर छायाचित्राचे शास्त्रीय मूल्य फारच घटते.

छायाचित्र हाच पुरावा मानावा काय, याबद्दल मतभेद आहेत. २०१५ मध्ये स्टीफन मार्शल व नील इव्हनहाइस यांनी दक्षिण आफ्रिकेतील भुंग्यासारख्या दिसणाऱ्या, बॉम्बिलिइडी कुलातील एका माशीला (ती शिकारी नव्हे) केवळ छायाचित्रांच्या आधारे मार्लेइमिया झायलोकोपी हे नाव दिले, तेव्हा वर्गीकरणतज्ज्ञांत मोठा वाद झाला. जतन केलेल्या नमुन्याविना नाव देणाऱ्याने त्याची सविस्तर कारणे द्यावीत, अशी शिफारस प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१७ मध्ये केली. वादाची दुसरी बाजूही दुर्लक्षणीय नाही. डोळ्यांचे हिरवे, तांबूस रंग माशी मेल्यावर लवकरच मावळतात. ती कोठे व कशी बसते, कोणते भक्ष्य कोठे टोचते, हे संग्रहालयातील पेटीत सहसा राहत नाही. पायांत धरलेल्या भक्ष्यासह घेतलेले छायाचित्र ही त्या जातीच्या आहाराची नोंदच असते.