स्पर्धा परीक्षेतील तर्कशुद्ध विचार : माहीत असणे आणि निष्कर्ष निघणे

बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील अनेक तरुण-तरुणी शासकीय सेवेचे स्वप्न उराशी बाळगून अभ्यासिकेत वर्षानुवर्षे परिश्रम घेत असतात. इतिहास, भूगोल, राज्यघटना हे विषय त्यांना मुखोद्गत असतात. तरीही पुष्कळांची गाडी पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात अडते. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली ‘सीसॅट’ नावाने हा पेपर सुरू केला आणि २०१३ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही तो राज्यसेवेसाठी स्वीकारला. केंद्रीय परीक्षेत २०१५ पासून तो केवळ पात्रतेपुरता आहे. २०० पैकी ६६ गुण पुरेसे असतात; परंतु तेवढे न मिळाल्यास पहिल्या पेपरातील उत्तम गुणही वाया जातात.

या पेपरातील तर्काच्या प्रश्नांत चूक का होते? बहुधा अज्ञानामुळे नव्हे, तर जास्तीच्या माहितीमुळे. एक उदाहरण पाहू.

‘कालव्याचे पाणी आल्यापासून एका गावात उसाचे क्षेत्र दुप्पट झाले. म्हणून पाणी हेच या वाढीचे कारण होय.’ हा युक्तिवाद पुढीलपैकी कोणत्या विधानाने सर्वाधिक कमकुवत होतो?

(अ) उसाला भरपूर पाणी लागते.
(ब) नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकात झाला.
(क) त्याच काळात कालवा नसलेल्या शेजारच्या गावांतही उसाचे क्षेत्र दुप्पट झाले.
(ड) गावाला पाण्याची पाळी वेळेवर मिळते.

आपल्या भागातील विद्यार्थ्याला (अ) व (ब) ही विधाने खरी असल्याचे पक्के ठाऊक असते आणि हात नकळत तिकडे वळतो. परंतु (अ) व (ड) युक्तिवादाला उलट बळ देतात, तर (ब) चा त्याच्याशी संबंधच नाही. योग्य उत्तर (क) आहे. कालवा नसतानाही तेवढीच वाढ झाली असेल, तर कारण अन्यत्र असू शकते. ‘दुसरे कारण नाही’ हे युक्तिवादात न बोलता गृहीत धरले होते. ते गृहीतक ओळखणे हीच खरी कसोटी होय.

दुसरी फसगत विधान उलटे वाचल्याने होते. समजा, दिलेले विधान असे आहे : ‘उजनी जलाशय काठोकाठ भरला की भिगवणला रोहित पक्षी कमी दिसतात.’ यंदा पक्षी कमी दिसले, एवढ्यावरून जलाशय भरला आहे असे सिद्ध होते काय? नाही. पक्षी कमी दिसण्यास अन्य कारणेही असू शकतात. मात्र पक्षी कमी झाले नसतील, तर जलाशय काठोकाठ भरलेला नाही, असे या विधानावरून निश्चित म्हणता येते. ‘सर्व’, ‘काही’, ‘फक्त’, ‘तरच’ या शब्दांकडेही असेच बारकाईने पाहावे.

सरावासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो. प्रथम प्रश्नात काय विचारले आहे ते वाचावे : गृहीतक, निष्कर्ष की कमकुवत करणारे विधान? नंतर ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘यावरून’ या शब्दांच्या आधाराने उताऱ्यातील निष्कर्ष शोधावा. कारण व निष्कर्ष यांमध्ये कोणता दुवा सुटला आहे ते स्वतःच्या शब्दांत मनाशी मांडावे आणि मगच पर्याय पाहावेत. केंद्रीय परीक्षेत १२० मिनिटांत ८० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण वजा होतात. त्यामुळे अंदाजाने उत्तर देणे महाग पडते.

या सरावास शिकवणीच हवी असे नाही. रोज वृत्तपत्रातील एक अग्रलेख घ्यावा आणि लेखकाचे म्हणणे काय, त्याने दिलेली कारणे कोणती व न सांगता गृहीत काय धरले, हे तीन ओळींत लिहावे. पालकांनीही घरात मुलांना ‘कशावरून?’ असे विचारू द्यावे. या प्रश्नाला उद्धटपणा समजून गप्प केलेले मूल पुढे परीक्षेतही तो प्रश्न विचारण्यास कचरते. उलट, ज्याला घरी शांतपणे उत्तर मिळते, त्याची या पेपराची तयारी लहानपणीच सुरू झालेली असते.