एका सतरा अंकी संख्येचें कौतुक

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’मध्यें एकं, दहं, शतं अशी स्थानांची जी माला परार्धापर्यंत दिली आहे, तींत हिचा पहिला अंक परार्धाच्या लगत खालीं, ‘मध्य’ या स्थानीं येतो. एवढी अवाढव्य संख्या, परंतु ती पाठ करण्यास क्षणही लागत नाहीं, आणि उलट वाचली तरी तीच राहते. एक हा अंक नऊ वेळां लिहून होणाऱ्या १११११११११ चा हा वर्ग होय.

असें कां व्हावें? पाटीवर १११ ला १११ नें गुणून पाहावें. १११ ही ओळ तीनदां येते, व दर वेळीं एक घर डावीकडे सरकते. उभ्या रकान्यांची बेरीज अनुक्रमें एक, दोन, तीन, दोन, एक होते; म्हणून उत्तर १२३२१. नऊ ओळी मांडल्या म्हणजे मधल्या रकान्यांत नऊ होतात, आणि हातचा कोठेंच येत नाहीं. सारी किमया एवढीच.

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत मीं दहा एकांचा वर्ग विचारला. बहुतेक मुलें गुणाकार न करतांच नवांच्या मध्यें १० लिहून मोकळीं झालीं! वस्तुतः मधल्या रकान्यांत दहा झाले कीं तेथें शून्य राहतें. हातचा एक शेजारच्या नवांत मिळून तेथेंही शून्य येतें, व त्यापुढील आठांचे नऊ होतात. खरें उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. नऊ उदाहरणें जुळलीं म्हणून दहावें जुळेलच, असें आपण वडील माणसेंही नित्य धरून चालतों.

ह्या कुळांतील संख्यांस ‘डेम्लो संख्या’ हें नांव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनीं दिलें. हे १९०५ सालीं डहाणू येथें जन्मले, व १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळेंत शिक्षक होते. डोंबिवली स्टेशनास पूर्वीं डेम्लो म्हणत; ही कल्पना त्यांस तेथें सुचली. मधला ९ बाजूस ठेवून डावीकडील १२३४५६७८ व उजवीकडील ८७६५४३२१ यांची बेरीज करावी. ती ९९९९९९९९ येते, म्हणजे मधल्याच अंकाची माळ! १२३२१ मध्यें १२ व २१ मिळून ३३ होतात, तसेंच हें. कापरेकरांस पदव्युत्तर शिक्षण लाभलें नव्हतें, आणि असल्या शोधांस क्षुल्लक म्हणणारे विद्वानही होते. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां परदेशांत त्यांचा बोलबाला झाला.

आतां अवयवांकडे वळूं. १११११११११ म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९. (यांत ८ नाहीं, तो मुद्रकाचा दोष नव्हे.) १२३४५६७९ चे पुढें ३७ व ३३३६६७ असे अवयव पडतात. त्यावरून आपल्या संख्येस ३ नें चार वेळां, आणि ३७ व ३३३६६७ यांनीं दोन दोन वेळां भाग जातो, व तिचे एकंदर विभाजक ४५ होतात.

३३३६६७ ही मूळ संख्या आहे, हें मात्र केवळ माझ्या शब्दावर मानूं नये. तिचें वर्गमूळ ५७७ हून किंचित् अधिक आहे. म्हणून ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनीं भागून पाहिलें कीं पुरे. २, ३ व ५ यांनीं भाग जात नाहीं हें पाहतांच कळतें. उरलेले १०३ भागाकार नाताळच्या सुट्टींत घरच्या मंडळींनीं वांटून घ्यावेत.