डोळ्यांची आखणी आणि हाताची स्थिरता

गणेशोत्सव जवळ आला की लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत रात्रीही दिवे मालवत नाहीत. मूर्तीचे रंगकाम उरकत आले म्हणजे डोळ्यांची आखणी हाती घेतली जाते. हे काम सर्वांवर सोपविले जात नाही. बुबुळाची कड किंचित सरकली तरी मूर्तीची नजर बदलते. म्हणूनच आखणी करणाऱ्याचा हात हे त्याचे भांडवल होय.

असा हात मुळीच थरथरत नाही, ही समजूत मात्र खरी नव्हे. निरोगी माणसाच्या हातालाही सेकंदाला साधारणतः ८ ते १२ वेळा सूक्ष्म कंप असतो. एरवी तो जाणवत नाही. जागरण, भूक, धास्ती आणि वारंवार घेतलेला चहा यांमुळे तो वाढतो. आणि उत्सवाच्या तोंडावर कारखान्यात या चारही गोष्टी एकत्र नांदतात! कुंचला घट्ट आवळल्याने कंप कमी न होता वाढतोच. म्हणून जाणता कारागीर आधार शोधतो. करंगळी रंग वाळलेल्या भागावर टेकवून किंवा मनगट दुसऱ्या हातावर ठेवून, कोपर अंगाशी घेऊन, सावकाश श्वास सोडीत तो रेघ ओढतो.

हाताची परीक्षा घरीही करता येते. हात समोर ताठ धरून पालथ्या पंजावर कागद ठेवावा. कागदाच्या कडा सूक्ष्म कंपही मोठा करून दाखवितात. दुसरी रीत अशी की, हात टेबलाला न टेकविता मध्यापासून बाहेर उलगडत जाणारे वेटोळे काढावे, दोन्ही हातांनी, आणि त्यावर तारीख घालावी. चित्रकला शिक्षकांना हाच सराव वर्गात घेता येईल: दोन समांतर रेषांच्या मधून, त्यांना न शिवता, रोज दहा मिनिटे संथपणे रेघा ओढणे. सरावाने कंप नाहीसा होत नाही. रेघ ताब्यात येते.

नव्याने सुरू झालेला किंवा वाढत जाणारा कंप ही गोष्ट वेगळी. काम करताना कापणारा हात आणि मांडीवर स्वस्थ असताना कापणारा हात यांची कारणे बहुधा भिन्न असतात. दुसरा प्रकार कंपवाताचे लक्षण असू शकतो. थायरॉईडचा विकार किंवा दम्याची काही औषधे हीही कारणे संभवतात. काम जाईल या भीतीने कारागीर ही गोष्ट लपवितात, आणि घरची मंडळी वयावर ढकलतात. वास्तविक यांतील पुष्कळ प्रकार औषधांनी आटोक्यात येतात. परळ येथील के. ई. एम. रुग्णालय या कारागिरांच्या हाकेच्या अंतरावर आहे. अन्यत्र नजीकच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. जाताना तारखा घातलेले वेटोळ्यांचे कागद सोबत न्यावेत. कंप केव्हापासून आणि किती वाढला, हे डॉक्टरांना त्यांवरून चटकन कळते.